डबल स्पंज फिल्टर: रॅम आणि एपिस्टोच्या टाकीसाठी घ्यावा का, आणि लावावा कसा

घ्यावा. मात्र डब्यातून निघतो तसाच पाण्यात सोडू नये. आधी त्यात शंभर-दीडशे रुपयांची भर घालावी लागते, आणि सोबतच्या एअर पंपाकडे फिल्टरपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. हे सगळं २४ × १२ × १५ इंचांच्या नेहमीच्या दोन फुटी टाकीत रॅम, एपिस्टोग्रामा (थोडक्यात एपिस्टो), क्रिबेन्सिस असे छोटे सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले छोटे शोभेचे मासे, ठेवणाऱ्यांसाठी आहे. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, पॅरट यांच्या टाकीला हे लागू नाही. त्या माशांची घाण या फिल्टरच्या आवाक्याबाहेरची.

वस्तू अगदी साधी. स्पंजची दोन नळकांडी, त्यांच्या पोटात जाळीदार प्लास्टिक, वर पाणी बाहेर टाकणारी उभी नळी आणि हवेची नळी जोडायला एक तोटी. आत मोटर नाही, त्यामुळे फिल्टरची वीज पाण्यात उतरतच नाही. पंपातून आलेली हवा उभ्या नळीत बुडबुड्यांच्या रूपाने वर चढते, नळीतलं पाणी बुडबुड्यांमुळे हलकं होतं, वर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला बाहेरचं पाणी स्पंजमधून आत खेचलं जातं. स्पंजच्या छिद्राछिद्रात जिवाणू वस्ती करतात. माशांच्या मूत्रातून, श्वासातून आणि उरलेल्या खाद्यातून होणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या फिल्टरचं खरं काम हेच आहे. कचरा अडवणं हे जोडकाम.

बाजारात दोन तऱ्हा दिसतात: जड बुडाची, तळावर उभी राहणारी, आणि सक्शन कपने काचेला चिकटणारी. जड बुडाचीच घ्या. रॅमच्या टाकीतलं पाणी २८-२९ अंशांवर असतं आणि त्या उबेत सक्शन कपचं रबर लवकर कडक होतं. मग एखाद्या रात्री फिल्टर सुटतो, आडवा होतो, आणि नेमका अंड्यांच्या दगडावर येऊन पडतो. स्पंजचा रंग काळा की निळा याला महत्त्व नाही, छिद्रांचा आकार महत्त्वाचा. बोटाने ताणल्यावर छिद्रं नुसत्या डोळ्यांनी सुटी सुटी दिसली पाहिजेत. भांडी घासायच्या स्पंजसारखा बारीक, मऊ स्पंज असेल तर तो दहा दिवसांत चोंदतो.

एकऐवजी दोन स्पंज कशासाठी, हेही लगेच सांगून टाकतो. दुप्पट गाळण होते म्हणून नव्हे, तर एक धुताना दुसऱ्यावरची जिवाणूंची वस्ती शाबूत राहते म्हणून. छोट्या सिक्लिडच्या टाकीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

याच माशांना हा फिल्टर का मानवतो

रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याच्या गवताळ मैदानांतला मासा. तिथलं पाणी उथळ, संथ, उबदार आणि क्षार जवळजवळ नसलेलं. टाकीत त्याला २७ ते ३० अंश तापमान लागतं. आता एवढ्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. पोट भरलेला मासा, सडणारं पान आणि फिल्टरमधले जिवाणू हे सगळे त्याच साठ्यातून उचल करतात. स्पंज फिल्टर पाणी गाळता गाळता पृष्ठभाग सतत हलवत राहतो, म्हणून या टाकीत वेगळा एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड, लावावा लागत नाही.

दुसरं कारण प्रवाह. आत चिकटवायचा, मोटरवर चालणारा पॉवर फिल्टर दोन फुटी टाकीत एका बाजूने जोराचा झोत मारतो. टेट्रा त्यात खेळतात. रॅम आणि एपिस्टो मात्र तळाजवळ, ठरलेल्या हद्दीत राहणारे मासे. झोत असला की ते एका कोपऱ्यात दगडाआड दबून बसतात, रंग उतरतो, खाद्य तोंडासमोरून वाहून जातं. असा दबलेला मासा पाहून लोक औषध घालतात, आणि दोष असतो पाण्याच्या धक्क्याचा.

तिसरं कारण वाळू. हे मासे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं निवडतात आणि उरलेली कल्ल्यांमधून सोडून देतात. दिवसभर हेच चालतं. ती बारीक वाळू पॉवर फिल्टरच्या पंख्यात गेली की आधी खरखर, मग दांडी झिजते, मग फिल्टर बंद. स्पंज फिल्टरमध्ये झिजण्यासारखं काही नाहीच.

आणि चौथं, ज्यासाठी या फिल्टरचं खास कौतुक करावं: पिल्लं. रॅम सपाट दगडावर अंडी घालतात. २८ अंशांना दोन-तीन दिवसांत ती फुटतात, आई-बाप वळवळणारी पिल्लं तोंडातून उचलून वाळूत केलेल्या खड्ड्यात ठेवतात, आणि पुढे चार-पाच दिवसांनी पिल्लांचा थवा पोहायला लागतो. पॉवर फिल्टर असेल तर तो थवा पहिल्याच दिवशी जाळीतून आत जातो. स्पंजवर खेच इतकी मंद असते की पिल्लू चिकटत नाही. उलट, जुन्या स्पंजवर सूक्ष्म जीवांचा एक पातळ तपकिरी थर असतो, आणि तो पिल्लांच्या उपयोगी पडतो. भिंग घेऊन पाहा: डोळे आणि पोटाचा ठिपका एवढंच दिसणारं पिल्लू स्पंजला जवळजवळ टेकून थांबतं, अंगाचा इंग्रजी एस करतं, झटक्यात पुढे होऊन काहीतरी टिपतं, आणि बोटभर सरकून पुन्हा तेच. रॅमची पिल्लं फारच लहान असतात, पहिले एक-दोन दिवस ताजं फुटलेलं आर्टेमियाही (खाद्य म्हणून देतात ते कोळंबीवर्गातले बारीक जीव) काहींच्या तोंडात मावत नाही. त्या दोन दिवसांत हा थर कामी येतो. एपिस्टोची पिल्लं मात्र पोहायला लागल्या दिवसापासून आर्टेमिया खातात.

डब्यातून काढल्यावर

स्पंज काढून साध्या पाण्यात चार-पाच वेळा पिळा. साबण, डिटर्जंट, डेटॉल यांचा स्पर्शही नको. नवा स्पंज हवेने भरलेला असतो आणि बूड जड असलं तरी तरंगतो. बादलीत पाण्याखाली धरून दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. तरीही रात्रभर त्याच बादलीत बुडवून ठेवलेला बरा.

मग पहिली भर. स्वस्त फिल्टरांत हवा थेट तोटीतून नळीत सुटते, मोठाले फुगे येतात, टाकी भांड्यात पाणी उकळल्यासारखी गडगडते आणि पाणी झटक्याझटक्याने चढतं. उभ्या नळीच्या तळाशी मावेल असा छोटा लांबट एअर स्टोन आतल्या तोटीला दोन सेंटिमीटर हवेच्या नळीच्या तुकड्याने जोडा. फुगे बारीक होतात, आवाज निम्म्याहून कमी होतो आणि तेवढ्याच हवेत पाणी जास्त चढतं. दगड नळीत फार घट्ट बसू देऊ नका. बाजूने पाणी जायला जागा हवी.

दुसरी भर म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. दहा-वीस रुपयांची ही प्लास्टिकची चकती नसेल आणि पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे नेहमीप्रमाणे स्टँडच्या कपाटात असेल, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरू शकतं. सायफन लागला की पंपात पाणी, पंपातून फरशीवर आणि वाटेत एक्स्टेन्शन बोर्ड. व्हॉल्व्ह उलटा लावण्याची चूक खूप होते. एका बाजूने फुंकर मारून बघा: ज्या बाजूने फुंकर पार जाते ती बाजू पंपाकडे. वर्षाने व्हॉल्व्ह बदलून टाका, आतलं रबर चिकटून बसतं.

तिसरी भर, हवा कमी-जास्त करायची छोटी तोटी. दोन तोंडांचा पंप असेल तर फारच उपयोगी.

टाकीत बसवण्याचा क्रम असा ठेवा: आधी फिल्टरचं बूड थेट तळाच्या काचेवर, मग भोवती वाळू. वाळूवर फिल्टर ठेवला तर क्रिबेन्सिस आणि एपिस्टो त्याच्या बुडाखाली खणतात, कारण बुडाखालची सांदट त्यांना आयती गुहा वाटते. फिल्टर कलतो आणि मासा खाली सापडतो. वाळूचा थर दोन ते तीन सेंटिमीटर पुरे, आणि खालचा स्पंज वाळूत गाडला जाणार नाही एवढं बूड उंच हवं. नसेल तर बुडाखाली काचेची किंवा स्लेटची चपटी चीप द्या. उभी नळी पाण्याच्या पातळीपर्यंत किंवा बोटभर खाली येईल अशी कापा. नळी जितकी उंच तितका चढ चांगला. तोंडाचा बाक टाकीच्या लांबीच्या दिशेने वळवा, आणि हीटर त्याच वाटेवर लावा म्हणजे गरम पाणी एका कोपऱ्यात साचत नाही.

पंपावर पैसे खर्च करा

फिल्टर साधारण २०० ते ४०० रुपयांत येतो, दुकानागणिक फरक. तो कुठल्याही कंपनीचा घेतला तरी चालतो. पंप मात्र कुठलाही चालत नाही. अगदी स्वस्त पंपाचा रबरी पडदा काही महिन्यांत ताणून फाटतो, आणि फाटण्याआधी कित्येक आठवडे हवा हळूहळू कमी होत जाते. ही घट रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यावर सोपी युक्ती आहे: फिल्टर नवा असताना पाण्यावर चिमूटभर डकवीड (तरंगणारी बारीक पाणवनस्पती) किंवा वाळकं पान सोडा आणि नळीच्या तोंडापासून समोरच्या काचेपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते डब्यावर लिहून ठेवा. दर महिन्याला ताडून बघा.

दोन फुटी टाकीला ३ ते ५ वॅटचा, मिनिटाला तीन लिटरच्या आसपास हवा देणारा पंप पुरतो. ३ वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला दोन युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज खातो. सुटे पडदे मिळतात का हे विकत घेतानाच विचारा; मिळत असतील तर तो पंप वर्षानुवर्षं चालतो. पंप लाकडी फळीवर ठेवला की फळी घुमते. खाली जाड फोम द्या किंवा दोरीने अधांतरी टांगा. आणि पंपाखाली असलेली हवा ओढायची छोटी कापडी किंवा फोमची गाळणी तीन महिन्यांनी झटका. मच्छरांची कॉइल, उदबत्ती, रंगकाम, कीटकनाशकाचा फवारा या खोलीत चालू असेल तर पंप तीच हवा टाकीत ढकलतो. फवारणीच्या दिवशी पंपाची नळी लांब करून पंप दुसऱ्या खोलीत न्यावा.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत या फिल्टरचा एक गुण विशेष जाणवतो. बंद डब्याच्या फिल्टरात पाणी थांबलं की आतला प्राणवायू संपतो, काही तासांत जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ती कुजकी घाण एकदम टाकीत येते. स्पंज उघड्या पाण्यातच असतो, त्यामुळे तो जास्त वेळ तग धरतो. तरीही २९ अंशांच्या पाण्यात मासे फार थांबू शकत नाहीत, म्हणून वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप जोडून ठेवावा. टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून दोन्ही पंप एकाच नळीवर घेता येतात, मात्र दोन्हींच्या पुढे आपापला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा. नाहीतर चालू पंपाची हवा बंद पंपातून निसटून जाते.

धुणं

सर्वांत जास्त टाक्या इथे बिघडतात. फिल्टर मंदावला म्हणून दोन्ही स्पंज नळाखाली धरून पांढरेशुभ्र होईपर्यंत धुतले जातात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, पिळून पिळून उरलेलेही निघून जातात, आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मासे मात्र तेवढेच असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रॅम वर येऊन धापा टाकू लागतो आणि दोष मिळतो माशाच्या नाजूकपणाला.

बरोबर रीत: पाणी बदलताना सायफनने काढलेलं टाकीचंच पाणी बादलीत घ्या. पंप बंद करा. एक पातळ प्लास्टिकची पिशवी पाण्याखाली नेऊन स्पंजवर घाला, पिशवीतच तो नळीपासून सोडवा आणि पिशवीसकट बाहेर काढा. असं केलं नाही तर स्पंजमधला गाळ ढगासारखा पूर्ण टाकीत पसरतो. बादलीत स्पंज तीन वेळा दाबा. पहिल्या दाबाला पाणी चॉकलेटी होतं, दुसऱ्याला चहासारखं, तिसऱ्याला मातकट. तिथेच थांबा. स्पंज तपकिरीच दिसला पाहिजे, आणि त्याला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास यायला हवा. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत पाणी फिरत नव्हतं, म्हणजे धुण्याला उशीर झाला किंवा हवा कमी पडली. दुसरा स्पंज दोन-तीन आठवड्यांनी. बादलीतलं पाणी कुंड्यांना घाला, मोगरा आणि कढीपत्ता त्यावर चांगले फोफावतात.

पिल्लं असताना स्पंज काढूच नका. निकड असेल तर बारीक नळीने स्पंजच्या वरच्या बाजूचा गाळ ओढून घ्या, नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून.

नवा फिल्टर आणि रॅम यांची गाठ घालू नका

स्पंजवर जिवाणूंची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. रॅमसाठी तेवढंही पुरत नाही. टाकी दोन-तीन महिने सुरळीत चाललेली असावी, मगच जोडी आणावी. घाई असेल तर ओळखीच्या निरोगी टाकीत तुमचा नवा स्पंज महिनाभर ठेवून घ्या, किंवा तिथला जुना स्पंज पिळून त्याचं मातकट पाणी तुमच्या स्पंजवर ओता. आजारी माशांच्या टाकीतून मात्र कणही नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थेंबांची टेस्ट किट वापरत राहा.

पीएचशी याचा जवळचा संबंध आहे. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ असेल तर सहा-सात भाग असतो. म्हणून बोअरवेलच्या जड, अल्कधर्मी पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त मारतो, आणि दख्खनच्या पठारावर ज्यांच्याकडे बोअरचंच पाणी आहे त्यांनी रॅमच्या टाकीत आरओचं पाणी मिसळूनच घालावं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त असतो. १०० ते १५० वर रॅम खूश असतात, अंड्यांसाठी त्याहून कमी बरं. जड पाण्याचा आणखी एक परिणाम: आतला एअर स्टोन क्षाराने बुजतो. फुगे एका बाजूनेच यायला लागले की दगड बदला. पंपाला ओढाताण झाली की पडदा आधी जातो.

मुंबईकडे उलटी गोष्ट. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतलं पाणी मऊ. रॅम आणि एपिस्टोला ते जवळजवळ आहे तसं चालतं, क्लोरीन काढलं की झालं. पण अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते, आणि मऊ पाण्यात ती मुळातच थोडी. पाणी बदलायचा आळस झाला की पीएच घसरत ६ च्या खाली जातो आणि तिथे जिवाणूंचं काम मंदावतं. फिल्टर बुडबुडत असतो, वरून सगळं ठीक दिसतं, पण आत काम थांबलेलं असतं. अशा टाकीत एकदम अर्ध्याहून अधिक ताजं पाणी घातलं तर पीएच उसळतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी न चुकता बदलायचं, आणि पाणी बदलणं तुंबलेलं असेल तर रोज १० टक्क्यांनी सुरुवात करायची. नव्या पाण्याचं तापमान टाकीच्या एक-दोन अंशांच्या आत असावं, डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच.

जे हा फिल्टर करत नाही

पाणी काचेसारखं पारदर्शक करत नाही. तरंगणारे बारीक कण स्पंजमधून आरपार जातात. त्यासाठी महिन्यातून एकदा दोन तास फिल्टर वूल (गाळण्याचा कापूस) लावलेला छोटा पॉवर फिल्टर चालवून काढून ठेवता येतो. बदामाच्या वाळक्या पानांनी आलेला चहाचा रंग हा काढत नाही, आणि काढूही नये. या माशांना तो हवासाच असतो. रस्त्यावर पडलेलं बदामाचं पान धूर-फवारणीपासून दूरचं, पूर्ण तपकिरी झालेलं, कडकडीत वाळलेलं घ्यावं. दोन फुटी टाकीला एक मोठं पान दोन-तीन आठवडे पुरतं.

नायट्रेट काढणं त्याला जमत नाही, ते काम पाणी बदलण्याचं आणि झाडांचं. सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड देऊन झाडं वाढवणाऱ्यांना हा गैरसोयीचा, कारण पृष्ठभाग हलला की वायू उडून जातो. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांना काही फरक पडत नाही. आणि दिसायला हा फिल्टर सुंदर नाही. मागच्या कोपऱ्यात उभा करून समोर लाकडाचा ओंडका आणि जावा फर्न लावला की नजरेआड होतो. पुढे करवंटी उपडी ठेवा, कडेला तीन सेंटिमीटरचं दार कोरून. एपिस्टोची मादी करवंटीच्या छताला अंडी चिकटवते, पिवळीधमक होते आणि दारात उभी राहून नरालाही आत येऊ देत नाही. करवंटी फिल्टरच्या अगदी पायाशी नको. गडगडाट आणि थरथर असलेली जागा मादी सहसा निवडत नाही.

किती मासे

डब्यावर मोठमोठे लिटर छापलेले असतात. छोट्या सिक्लिडसाठी तो आकडा तीनने भागा. वर सांगितलेल्या दोन फुटी टाकीत वाळू, दगड, लाकूड वजा जाता ५५ लिटरच्या आसपास पाणी उरतं. एक मोठा डबल स्पंज तिथे रॅमची एक जोडी आणि आठ-दहा कार्डिनल टेट्रा आरामात सांभाळतो. कार्डिनल निवडण्याचं कारण म्हणजे तेही २८ अंश सोसतात. निऑनला ते फार गरम होतं. एपिस्टोग्रामा काकाट्युऑइडिस एक नर आणि दोन माद्या असे ठेवायचे तर तीन फुटी टाकी घ्या आणि दोन फिल्टर दोन टोकांना लावा, म्हणजे दोन्ही माद्यांना आपापली हद्द मिळते. नवशिक्यांनी सुरुवात रॅमपेक्षा काकाट्युऑइडिस किंवा बोलिव्हियन रॅमने करावी. बोलिव्हियन रॅम थोडा मोठा, रंगाने शांत, पण २५-२६ अंशांत राहणारा आणि खूप चिवट. क्रिबेन्सिस नायजेरियाकडचा, जोडी जमली की दोन फुटी टाकी पूर्ण तिची, बाकी तळमासे मार खातात.

आपल्याकडचा नारिंगी क्रोमाइड, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, हाही याच कुळातला. गोव्यात काळुंदर म्हणून ताटात येणारा पर्ल स्पॉट त्याचा मोठा भाऊबंद. नारिंगी क्रोमाइडची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात, आणि जोराच्या प्रवाहात त्यांना अंगाशी टिकून राहता येत नाही. त्याला पाणी थोडं जड, थोडं मचूळ आवडतं, तेव्हा रॅमबरोबर नको. पण फिल्टर हाच ठेवावा.

घेताना दुकानात काय बघायचं

कुर्ल्याच्या बाजारात असो की गावातल्या दुकानात, फिल्टर डब्याबाहेर काढून हातात घ्या. उभ्या नळीचे सांधे एकमेकांत घट्ट बसतात का ते बघा. सैल असतील तर तिथूनच हवा निसटते आणि खालचं खेचणं बंद पडतं. बुडात वजन खरोखर आहे का, की नुसती पोकळ चकती, ते तोलून बघा. स्पंज दाबून सोडा, लगेच मूळ आकारात आला पाहिजे. कडेचे कण बोटाला लागले तर तो शिळा आहे आणि वर्षभरात भुगा होईल. सुटे स्पंज मिळतात का विचारा आणि मिळाले तर एक जोडी तेव्हाच घ्या. त्यातला एक महिनाभर चालू टाकीच्या कोपऱ्यात नुसता टाकून ठेवा. आजारी माशासाठी वेगळी टाकी एका संध्याकाळी लावायची वेळ येते, तेव्हा तो मुरलेला स्पंज हाताशी असतो.

त्याच दुकानात रॅम दिसले तर आधी ते ज्या टाकीत आहेत तिथला फिल्टर आणि थर्मामीटर बघा. पोट खपाटीला गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारा किंवा अंग गडद करून कोपऱ्यात उभा असलेला मासा एकही असला तर त्या टाकीतला दुसरा, धडधाकट दिसणारा मासाही घेऊ नका. नुकताच आलेला माल असेल तर पैसे देऊन राखून ठेवायला सांगा आणि दहा दिवसांनी जा. तोवर जे तगले, खाद्याला वर आले आणि एकमेकांवर पर फुलवताना दिसले, त्यांतलेच दोन निवडा.